पाचवा रॉड

शनिवारी सकाळी साडेपाचला देवस्थळी सरांनी गाडीची डिकी उघडून दाखवली आणि ऋजुता मनातल्या मनात मोजायला लागली. आत मासे धरायचे रॉड होते, कापडी पिशव्यांत घालून नीट रचलेले. एक नाही, दोन नाही, पाच! अहो, धड माणसाला एक रॉड पुरतो, फारच हौस असेल तर दोन. सरांनी मार्चपासून सप्टेंबरपर्यंत पाच घेतले होते आणि पाचवा तर परवाच कुरिअरने आला होता.

"हा बघ," सर म्हणाले. "हातात धरलाय असं वाटतच नाही, इतका हलका. आधीच्या चारांत काही दम नव्हता गं. मासा तोंड लावून जातो आणि हाताला पत्ताच नाही."

"हो सर," ऋजुता म्हणाली. गाडीत बसल्यावर तिला सीटबेल्ट दोनदा लावावा लागला, पहिल्यांदा तो लागलाच नाही.

रॉड का वाढतायत हे तिला पक्कं ठाऊक होतं. सरांच्या उजव्या हाताच्या बोटांना कळेनासं झालं होतं. आणि सर कानाचे सर्जन होते.

डॉक्टर पद्माकर देवस्थळी, मूळचे पुण्याचे, वय एकोणसाठ. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात पंचवीस वर्षं कान-नाक-घशाचे कन्सल्टंट. आपल्या कानाच्या आत तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं. ते जागच्या जागी घट्ट बसलं की माणसाला ऐकू येईनासं होतं. सर त्या हाडाच्या जागी बारीकसा दट्ट्या बसवायचे आणि माणूस पुन्हा ऐकायला लागायचा. हे सगळं मायक्रोस्कोपखाली, सुईसारख्या हत्यारांनी. हात केसभर जास्त दाबला गेला तर तो कान कायमचा गेला, मग देवसुद्धा परत आणून देत नाही.

ऋजुता नागपूरची, वय तेहतीस, तीन वर्षांपूर्वी इथे आल्यापासून सरांच्या हाताखाली. तिला राहायला खोली सरांनी शोधून दिली होती. पहिल्या दिवाळीला सुप्रभाकाकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, तिला चार दिवस घरी ठेवून घेतलं, न्हाऊ-माखू घातलं, निघताना डबा भरून चकल्या दिल्या. ऑपरेशन थिएटरमध्ये अगदी नव्या नर्सेससुद्धा सरांना 'पॅड' म्हणून हाक मारत. ऋजुताच्या तोंडून ते कधी निघालं नाही. सर म्हणजे सर, आणि सरांना आपण काय सांगणार, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं की विचारू नका. सगळा घोळ तिथेच होता.

मार्चमध्ये एका ऑपरेशनच्या वेळी, मायक्रोस्कोपच्या बाजूच्या नळीतून बघताना तिला दिसलं, की सरांचं हत्यार हाडाला टेकलंय आणि सरांना ते कळलेलंच नाही. "टचिंग, सर," ती हळूच म्हणाली. सर थांबले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग ती दर वेळी म्हणायला लागली, अगदी सहज बोलल्यासारखं, टचिंग सर, टचिंग सर. 'ही पोर हल्ली फार बडबड करते,' असं सरांनी काकूंना सांगितलं आणि काकूंनी हसत हसत ते तिला सांगितलं. अहो, बडबड कसली! सहा महिने ही पोरगी सरांची बोटं होऊन उभी होती. तिला त्याची भीती वाटायची, आणि खोटं कशाला सांगा, थोडा अभिमानही वाटायचा.

गेल्या मंगळवारी ती दोनदा म्हणाली आणि सर थांबले नाहीत. तिसऱ्यांदा ती ओरडली. सर थांबले, "बरं बाई," असं मराठीत म्हणाले आणि हसले. पेशंटला काही झालं नाही. पण घरी जाऊन ऋजुताने डिपार्टमेंटच्या प्रमुखांना ईमेल लिहिलं आणि पाठवलं नाही. ते तसंच फोनमध्ये पडून होतं. येत्या सोमवारी सरांच्या ऑपरेशनच्या लिस्टवर शाळेत गाणं शिकवणारी एक बाई होती. तिचा डावा कान सरांनीच आठ वर्षांपूर्वी केलेला, आता उजवा करायचा होता. फॉर्मवर सही करताना ती म्हणाली होती, डॉक्टर, तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात मी कान देणार नाही.

तेव्हा सोमवारच्या आत सरांना सांगायचं, हे ठरलं होतं. आधी सरांना, त्यांच्या तोंडावर, आणि मगच ईमेल. पाठीमागून करायचं नाही. शनिवारी सर तिला वेल्समध्ये बारमथला मासे धरायला नेणार होते; गाडीत तीन-साडेतीन तास आहेत, तेव्हा सांगू.

कसलं काय! डर्बी गेलं, स्टोक गेलं, श्रूजबरीही गेलं. ऋजुता तोंड उघडायची आणि 'सर, एक बोलायचं होतं'च्या ऐवजी 'सर, चहा घेणार?' असं बाहेर पडायचं. वेल्शपूलपर्यंत सरांनी तीनदा चहा घेतला होता. ती सारखी काच खाली करत होती, वर करत होती. "तुला काय होतंय?" सरांनी विचारलं. "काही नाही सर, गरम होतंय," ती म्हणाली. बाहेर नऊ डिग्री होतं.

सर मात्र खुशीत होते. त्यांना फिनेसवर, म्हणजे नाजूक हाताने मासा धरण्याच्या कलेवर, बोलायला माणूस हवा होता. "लोक काय करतात, जाडजूड रॉड घेतात, मोठं आमिष फेकतात, धसमुसळेपणा नुसता. आपलं तसं नाही. बारीक दोरी, बोटाएवढा रबरी मासा, त्याला नखाएवढं वजन. तो तळावरून इतका हळू ओढायचा की बासला, म्हणजे आपण धरायला जातोय त्या माशाला, वाटलं पाहिजे, हा बिचारा आजारी आहे. मग तो येतो आणि नुसता ओठ लावतो. दोरीत एक 'टक्' येतं. तेवढंच! ते बोटाला कळलं तर मासा तुझा, नाही कळलं तर गेला."

"आणि रील, सर?" ऋजुताने विचारलं. खरं तर तिला रीलशी काही देणंघेणं नव्हतं.

"रील छोटंच घ्यायचं. जड रील लावलं की सगळा तोल हाताकडे येतो आणि टोकाचं बोलणं ऐकू येत नाही. सगळा खेळ ऐकण्याचा आहे."

आणि एवढं करून सर मासा खात नाहीत हं! घरात अंडंसुद्धा येत नाही. काकू रॉडला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नाहीत. सर मासा धरतात, त्याला 'या बसा' केल्यासारखं दोन मिनिटं पाण्यात धरून ठेवतात आणि सोडून देतात. सासरच्या माणसांना हे समजावून सांगताना त्यांची वीस वर्षं गेली.

बारमथच्या खाडीवर पोचले तेव्हा भरती सुरू झाली होती. लांबच लांब लाकडी पूल, खाली वाळूचे पट्टे आणि त्यांच्या मधून आत शिरणारं हिरवट पाणी. दोघांनी गमबूट चढवले आणि सरांनी तिला वाळूच्या टोकाशी नेऊन उभं केलं. स्वतः पाचवा रॉड घेतला, ऋजुताला पहिला दिला. पहिला म्हणजे मार्चमधला, सरांच्या मते अगदी ठोंब्या.

पहिल्या अर्ध्या तासात ऋजुताला चार वेळा 'टक्' कळलं. दोन मासे तिच्या गळाला लागलेही, वीतभराचे, चांदीसारखे. बेचाळीस सेंटिमीटरच्या आतला बास सोडावाच लागतो, तिने सोडले. सरांना काहीच नाही. आणि तेवढ्यात तिला दिसलं, सरांच्या रॉडचं टोक दोनदा थरथरलं. सर आपले पुलाकडे बघत दोरी ओढतायत.

"लागलंय, सर!" ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. हे ती रोज थिएटरमध्ये म्हणते तेच होतं. सरांनी झटका दिला, पण मासा केव्हाच निघून गेला होता.

त्यांनी दोरी गुंडाळली, रबरी मासा बघितला, त्याची शेपटी तुटली होती. मग ते म्हणाले, "हा रॉडही फसवा निघाला."

"सर—"

"थांब. आपण डॉक्टर आहोत ना? मग नुसतं वाटतं म्हणून बोलायचं नाही, ट्रायल घ्यायची. रील सारखं, दोरी सारखी, आमिष सारखं. आता फक्त रॉड बदलायचे. तू पाचवा घे, मी पहिला घेतो. अर्धा तास. तुलाही ह्याच्यावर कळलं नाही, तर रॉड खराब."

आणि तुलाही कळलं तर काय, हे सर बोलले नाहीत. पण रॉड तिच्या हातात देताना त्यांनी एक क्षण तो सोडलाच नाही. ऋजुताने वर बघितलं. एवढा मोठा माणूस, पण चेहरा निकाल लागायच्या आधी बाकावर बसलेल्या मुलासारखा झाला होता. तेव्हा तिला लख्ख कळलं की सरांनाही ठाऊक आहे. सहा महिने नाही, तरी बरेच दिवस. माणूस उगाच पाच-पाच रॉड घेत नाही.

पाचवा रॉड म्हणजे काय चीज होती! तळावरचा खडा न् खडा बोटाला कळत होता. चौथ्याच फेकीला 'टक्' आलं, कोणी दारावर टिचकी मारावी इतकं स्पष्ट. ऋजुताचं मनगट आपोआप उचललं जाणार होतं. तिने ते दाबून धरलं. मासा पुन्हा एकदा चावला, थांबला आणि गेला.

"काही?" सरांनी पलीकडून विचारलं.

"नाही सर," ऋजुता म्हणाली.

आता काहून बोललो आपण असं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दया आली म्हणा, भ्याली म्हणा. दोन्ही खरं. त्या अर्ध्या तासात ती पाच वेळा खोटं बोलली. पाचव्या वेळी तिने सरांकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि नशीब बघा, त्याच वेळी सरांच्या हातातल्या त्या ठोंब्या रॉडला एक मोठा बास लागला. लागला कसला, आंधळ्यासारखा धावत आला आणि स्वतःच गळात अडकला. कळायचा प्रश्नच नव्हता, रॉड नुसता वाकला. सर लहान पोरासारखे ओरडले. मासा काठाला आणला, दोन मिनिटं पाण्यात धरला, सोडला आणि गुडघाभर पाण्यातून थपाक थपाक करत ते ऋजुताकडे आले.

"बघितलंस? रॉडच! पाचवा खराब निघाला, पहिलाच चांगला होता. आणि मी वेड्यासारखा..." ते हसत होते आणि त्यांचे डोळे ओले झाले होते. "चल, बस. काकूंचे पराठे खाऊ."

वाळूवर एका ओंडक्यावर बसून सरांनी दोन पराठे खाल्ले. तिसरा हातात घेऊन ते म्हणाले, "तुला एक सांगू? कुणाला बोललो नाही, सुप्रभालाही नाही. मला वाटत होतं माझा हातच गेला. मंगळवारी तू ओरडलीस ना, त्यानंतर झोप नाही मला. सोमवारी सकाळी फोन करून लिस्ट कॅन्सल करणार होतो. ती गाण्याची बाई आहे ना, तिची. म्हटलं, आज इथे एकदा बघून घेऊ आणि मग ठरवू." त्यांनी पराठ्याचा तुकडा तोडला. "आता प्रश्न मिटला. करतो मी तिला सोमवारी."

ऋजुताने हातातला घास डब्यात परत ठेवला. म्हणजे सर स्वतःहून थांबणार होते. कोणी सांगायची गरजच नव्हती. आपण आलो नसतो तरी चाललं असतं, आणि आलो ते असं करून बसलो. बाप्पा, बाप्पा! तिला त्या बाईचा चेहरा दिसला, सही करताना मान तिरकी करून बरा कान पुढे करणारा. तिला वाटलं उठावं आणि पाण्यात चालत जावं.

ती उठली, पण पाण्याकडे गेली नाही. सरांच्या समोर उभी राहिली.

"सर, मी खोटं बोलले. पाचवा रॉड चांगला आहे. मला पाच वेळा कळलं. मी सांगितलं नाही."

सरांनी वर बघितलं. चावणं थांबलं.

"आणि ते मंगळवारचंच नाही, सर. मार्चपासून आहे. मी 'टचिंग, सर' म्हणते ना, ती बडबड नाही. तुम्हाला टेकलेलं कळत नाही, म्हणून मी सांगते. मी ईमेल लिहिलंय. पाठवलं नाही. तुम्हाला आधी सांगायचं होतं, आणि मला सांगताच येत नव्हतं." ती रडायला लागली होती, तिने बाहीने नाक पुसलं. "सर, नस दबली असेल. मनगटात, नाही तर मानेत. बरंही होईल. पण सोमवारी नाही, सर. सोमवारी नको."

सर चिडले. तिने त्यांना तीन वर्षांत असं चिडलेलं बघितलं नव्हतं. ते उभे राहिले, डबा वाळूत पालथा झाला. "सहा महिने? सहा महिने तू मला मूर्ख बनवत होतीस? अगं, मी आज बोललो नसतो तर तू कधी सांगितलंच नसतंस! माझ्या पेशंटच्या कानाशी खेळत होतीस तू, माझी इज्जत राखायला?"

"हो सर," ऋजुता म्हणाली. "माझी चूक आहे."

सर पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. भरती ओंडक्यापाशी आली होती, एक पराठा तरंगत चालला होता. मग सरांनी फ्लास्क उघडला, कप भरला आणि न पिता दोन्ही हातांत धरून ठेवला, बोटं लाल होईपर्यंत.

"थंडीने असेल असं नको म्हणायला," ते म्हणाले. "आण तो पाचवा."

त्यांनी रबरी मासा काढून टाकला आणि दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. "मागे जा. वीस पावलं. दोरी ताठ धर आणि मासा चावतो तसं हलकेच ओढ. मध्ये मध्ये थांब, मला अंदाज येता कामा नये. मी डोळे मिटतो. कळलं की सांगतो. आधी डावा हात."

ऋजुता वीस पावलं मागे गेली. सरांनी डाव्या हाताच्या बोटावर दोरी घेतली आणि डोळे मिटले. तिने टिचकी दिली.

"हो," सर म्हणाले. ती थांबली. पुन्हा दिली. "हो." पुन्हा. "हो. आणि हा एकदम बारीक होता, हो." सहापैकी सहा.

"छान," सर म्हणाले. क्लिनिकमध्ये म्हणतात तसंच. त्यांनी रॉड उजव्या हातात घेतला, दोरी बोटावर नीट बसवली, चहाने तापलेलं ते बोट एकदा जॅकेटला पुसलं आणि पुन्हा डोळे मिटले.

ऋजुताने टिचकी दिली. सर उभे होते.

तिने दुसरी दिली. मग थांबून तिसरी, थोडी जोरात. वाऱ्याने सरांचे पांढरे केस उडत होते आणि कपाळावर लक्ष देऊन ऐकताना पडते तशी आठी होती. चौथी. पाचवी. तिला समोरचं नीट दिसेना, तरी ती ओढत राहिली. मधूनच एखादा तरी कळावा, एकच, देवा, एकच कळू दे.

"अगं, कर ना सुरू," सर म्हणाले.

तिने आणखी एक दिली. सरांनी वाट बघितली, मग डोळे उघडले. वीस पावलांवर ऋजुता उभी होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिची बोटं दोरी ओढतच होती. सरांनी मान खाली घालून आपल्या बोटाकडे बघितलं. दोरी त्यावर हलताना दिसत होती.

"किती झाले?"

"नऊ, सर."

सरांनी मान हलवली. मग डाव्या हाताने खिशातून फोन काढला आणि वारा लागू नये म्हणून पाठ वळवून डिपार्टमेंटच्या प्रमुखांना लावला. "पॅड बोलतोय," ते इंग्रजीत म्हणाले. "शनिवारी त्रास देतोय. सोमवारची लिस्ट माझ्याकडून काढा. नाही, फक्त सोमवारची नाही." पुढे ते काय बोलले ते वाऱ्यात तिला ऐकू आलं नाही. ते बोलून होईपर्यंत ती दोरीचं टोक धरून तशीच उभी राहिली.

मग सर रील फिरवत, दोरी गोळा करत तिच्यापर्यंत चालत आले. शेवटचा हातभर तुकडा उरला तेव्हा त्यांनी तिच्या मुठीतून टोक सोडवून घेतलं आणि रॉडच तिच्या हातात दिला.

"रॉड चांगला आहे गं," ते म्हणाले. "फार चांगला आहे."